अखंड उपासनेचे ९६ दिवस : हेगच्या बेथेल चर्चचं प्रकरण

२६ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास हेग शहरातल्या बेथेल या छोट्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपासना सुरू झाली. ती संपली ३० जानेवारी २०१९ला, बुधवारी. मधल्या ९६ दिवसांत ती एकदाही थांबली नाही. पहाटे तीनला चालू होती, नाताळच्या रात्री चालू होती, नववर्षाचे फटाके उडत होते तेव्हाही चालू होती. चर्चच्या इमारतीत एक आर्मेनियन कुटुंब राहत होतं, आईवडील आणि तीन मुलं. त्यांना देशाबाहेर काढायचं ठरलं होतं, आणि नेदरलँड्सच्या कायद्याप्रमाणे उपासना चालू असेपर्यंत पोलिसांना प्रार्थनास्थळात शिरता येत नाही.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली ती माणुसकीची गोष्ट म्हणून. ती तशी होतीच. पण हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक कुठलाच धर्म मानत नाहीत, तिथे चर्चने करायचं काय, यावर युरोपात चर्चासत्रं पुष्कळ झाली. हेगमध्ये या प्रश्नाला सामोरं जाण्याची वेळ एका मंडळीवर, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायावर, खरोखर आली. तिने दिलेलं उत्तर मला मोलाचं वाटतं, आणि त्या उत्तराची जी किंमत पडली तीही सांगितली पाहिजे.

कायदा आणि कुटुंब

सरकारी माणसांनी कुणाच्या जागेत केव्हा आणि कसं शिरायचं, याबद्दल नेदरलँड्समध्ये १९९४चा कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमाने तीन जागांना अभय दिलं आहे : बैठक चालू असताना संसद आणि इतर लोकप्रतिनिधींची सभागृहं, सुनावणी चालू असताना न्यायालय, आणि उपासना चालू असताना प्रार्थनास्थळ. डोळ्यांदेखत गुन्हा घडत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी पोलिसांनी बाहेर थांबायचं. या तिसऱ्या जागेबद्दल कायदा फक्त धर्माचं नाव घेत नाही. ईश्वर न मानणाऱ्यांच्या, एखाद्या जीवनदृष्टीला धरून होणाऱ्या चिंतनसभांनाही तेच संरक्षण आहे. ख्रिस्ती वारशातून आलेला हक्क निधर्मी समाजाने असा सगळ्यांसाठी खुला करून ठेवला आहे.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हे अभय इमारतीला नाही, इमारतीत चाललेल्या उपासनेला आहे. जर्मनीत १९८३पासून चर्चमध्ये आश्रय देण्याची चळवळ आहे आणि तिथे पोलीस सहसा आत जात नाहीत, पण तो संकेत आहे, कायदा नाही. हेगमध्ये कायदा पाठीशी होता. मात्र उपासना पाच मिनिटं खंडली असती तरी तो पाठीशी राहिला नसता.

कुटुंब जवळपास नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये राहत होतं. वडील आर्मेनियात राजकीय कामात होते आणि जिवाला धोका आहे म्हणून त्यांनी देश सोडला होता. आश्रयाच्या अर्जावर वर्षानुवर्षं खटला चालला. एका टप्प्यावर न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, सरकारने अपील केलं, आणि शेवटी कुटुंब हरलं. तोवर मुलं डच शाळांतून शिकून मोठी झाली होती. थोरली मुलगी विद्यापीठात पोचली होती.

अशा मुलांसाठी २०१३पासून एक नियम होता. डच लोक त्याला ‘किंडरपार्डन’ म्हणत, म्हणजे मुलांसाठीची माफी. आश्रयाचा अर्ज केल्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ देशात काढलेल्या मुलांना राहू द्यावं, असा त्याचा हेतू. पण त्यात एक अट घातलेली होती : कुटुंबाने आपल्या परत पाठवणीला सहकार्य केलेलं असलं पाहिजे. ही अट इतकी ताणून लावली जाई की बहुतेक अर्ज तिथेच फेटाळले जात. जिथे आपल्याला मारतील असं माणूस सांगतो, तिथे परत जायची धडपड त्याने पुरेशी केली नाही, म्हणून त्याच्या मुलांना माफी नाही. कागदावर हे सुसंगत असेल, पण मुलांच्या वाट्याला यातून निव्वळ अन्याय आला. या कुटुंबाचा अर्जही नामंजूर झाला. देशात अशी सुमारे चारशे मुलं असल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं.

आधी कातवाइक या समुद्रकाठच्या गावातल्या चर्चने कुटुंबाला आसरा दिला. अखंड उपासना चालवणं त्या मंडळीला एकटीला झेपण्यासारखं नव्हतं. तेव्हा हेगच्या प्रोटेस्टंट मंडळींनी ही जबाबदारी आपल्याकडे घेतली. त्यांच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्ष टेओ हेटेमा यांनी मांडलेली भूमिका अशी होती : न्यायालयाच्या निकालाचा आम्ही आदर करतो, पण सरकारचा मान आणि मुलाचे हक्क यांतून एक निवडायची पाळी आमच्यावर आली आहे. कायदा मोडायची भाषा त्यांनी कधी केली नाही. कायद्यात आधीपासून असलेल्या एका कलमात ते जाऊन उभे राहिले.

रिकामी होत गेलेली चर्च

हे कुठल्या देशात घडलं ते पाहिल्याशिवाय या निर्णयाचं वजन कळत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डच माणसाचं आयुष्य आपल्या गटातच जाई. कॅथलिकांची शाळा, वर्तमानपत्र, कामगार संघटना, रेडिओ, दवाखाना, पक्ष सगळं वेगळं. प्रोटेस्टंटांचं वेगळं, समाजवाद्यांचं वेगळं. डच समाजशास्त्रज्ञ या गटांना ‘खांब’ म्हणतात, कारण समाजाचं छप्पर या वेगवेगळ्या खांबांवर उभं होतं. आब्राहाम कायपर हे पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि धर्मशास्त्री १९०१ ते १९०५ या काळात देशाचे पंतप्रधान होते. १९१७च्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा मिळू लागला, तो आजही मिळतो. १९१८पासून १९९४पर्यंत असं एकही मंत्रिमंडळ झालं नाही ज्यात ख्रिस्ती पक्ष नव्हता. १९९४मध्ये विम कोक यांचं मंत्रिमंडळ आलं आणि ही परंपरा तुटली. ज्या कायद्याबद्दल वर लिहिलं तो त्याच वर्षातला आहे.

१९६०च्या दशकापासून हे खांब फार वेगाने कोसळले. धर्म न मानणारे १९४७च्या जनगणनेत १७ टक्क्यांच्या आसपास होते. आणि ऑक्टोबर २०१८मध्ये, म्हणजे बेथेलची उपासना सुरू झाली त्याच महिन्यात, देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७चे आकडे जाहीर केले : १५ वर्षांवरच्या लोकांपैकी ५१ टक्के कुठल्याच धर्माचे नाहीत. अशा लोकांचं बहुमत होण्याची ही पहिलीच वेळ. कॅथलिक २४ टक्के, प्रोटेस्टंट १५ टक्के, मुस्लिम ५ टक्के. महिन्यातून एकदा तरी प्रार्थनास्थळात जाणारे सहात एक.

इमारतींचं काय झालं ते पर्यटकालाही दिसतं. मास्ट्रिख्टमधलं तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आज पुस्तकांचं दुकान आहे, आणि देखणं दुकान आहे. आर्नेममधल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये पोरं स्केटबोर्ड खेळू लागली. अॅमस्टरडॅमचं पारादिसो १९६८पासून रॉक संगीताचं सभागृह आहे. पुस्तकं, खेळ, संगीत यांत वाईट काहीच नाही. पण जी संस्था कधी देशाचे पंतप्रधान पुरवत होती, तिच्या वास्तू आता रिकाम्या जागा म्हणून मोजल्या जातात.

अशा काळात चर्चला दोन वाटा सुचवल्या जातात. एक, वारशाचा रखवालदार व्हा : जुनं संगीत, जुन्या खिडक्या, नाताळचा कार्यक्रम. दुसरी, समाजसेवी संस्था व्हा : अन्नपेढी, कर्जबाजाऱ्यांना सल्ला, एकट्या म्हाताऱ्यांना सोबत. दुसरी वाट डच चर्चेसनी मनापासून धरली आहे. बेथेलही नुसतं चर्च नव्हतं, वस्तीचं केंद्र म्हणूनही ते चालवलं जात होतं. त्याच्यामागे असलेली ‘स्टेक’ ही संस्था शहरातल्या अशाच कामांसाठी आहे.

निर्वासितांच्या बाबतीत तर चर्चचा अनुभव जुना होता. १९७०च्या दशकात अॅमस्टरडॅममध्ये कागदपत्रं नसलेल्या मोरोक्कन कामगारांनी चर्चमध्ये आश्रय घेतला होता. २०१२च्या हिवाळ्यात आश्रय नाकारलेले शंभराहून जास्त लोक अॅमस्टरडॅमच्याच एका रिकाम्या चर्चमध्ये राहिले. २०१३मध्ये डच प्रोटेस्टंट चर्चने युरोपीय चर्च परिषदेच्या मार्फत युरोपच्या सामाजिक हक्क समितीकडे तक्रार नेली की अर्ज फेटाळलेल्या माणसांनाही रस्त्यावर टाकता येणार नाही. पुढच्या वर्षी समितीने चर्चचं म्हणणं उचलून धरलं. त्यातून ‘बिछाना, आंघोळ, भाकरी’ या नावाने गाजलेला वाद पेटला आणि २०१५च्या एप्रिलमध्ये त्यावरून सरकार पडता पडता वाचलं. म्हणजे हेगच्या मंडळींकडे वकील होते, अनुभव होता, ओळखी होत्या. बेथेल काही भाबड्या लोकांच्या अंगात आलेली लहर नव्हती.

चर्चने आसरा देणं महाराष्ट्रालाही नवं नाही. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत, शिकत, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे आत्मसात करत. त्यांतले बरेच जण पुढे पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन या मुक्त गुलामांच्या वस्तीत गेले. पण तिथे जहाजं अडवणारं ब्रिटिश आरमार आणि मुलांना सांभाळणारं मिशन एकाच सत्तेच्या सावलीत होतं. बेथेलमध्ये सत्ता दाराबाहेर उभी होती आणि चर्च दाराच्या आत.

रात्रंदिवस

अखंड उपासना चालवायची म्हणजे काय करायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. बेथेलचे पाळक आक्सेल विके यांनी आपल्या जुन्या उपासनांचे विधी एकमेकांना जोडून एक लांबलचक विधी तयार केला आणि सुरुवात झाली. प्रार्थना, स्तोत्र, शास्त्रवाचन, गीत, मौन, पुन्हा प्रार्थना. मग बातमी पसरली आणि देशभरातून पाळक आपापली वेळ नोंदवू लागले. डिसेंबरपर्यंत सुमारे वीस पंथांचे साडेपाचशेच्या आसपास पाळक येऊन गेले होते. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंडहूनही आले. एरवी जे पंथ एकमेकांच्या वेदीजवळ उभे राहणार नाहीत, त्यांचे लोक इथे एकमेकांच्या हातातून उपासना पुढे नेत होते. काही पाळकांनी आपली अख्खी मंडळीच सोबत आणली.

आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहारेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली टेकवायची नसते. पहारा बदलताना ती उभ्याउभ्याच एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि रात्री दोन-अडीचच्या पहाऱ्याला मंडपात दुसरं कुणी नसलं तरी नाम थांबत नाही. बेथेलची रीत आपल्या वाचकाला यावरून चटकन कळेल. तिथेही पाळी संपलेला पाळक, पुढचा उभा राहून वाचू लागल्याशिवाय, आपला आवाज थांबवू शकत नव्हता.

दिवसा बाकं भरत, शनिवार-रविवारी तर लोक उभे राहत. रात्री मात्र कधी कधी पाळक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, एवढंच. अशा वेळी सविस्तर प्रवचनाचा उपयोग नसतो. कुणी स्तोत्रसंहिता ओळीने वाचून काढली, कुणी तास-तासभर गात राहिलं, कुणी कविता वाचल्या. याच इमारतीतल्या खोल्यांत पाच माणसं झोपत होती, जेवत होती, वाट पाहत होती. त्यांना बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मुलांची शाळा आणि विद्यापीठ बंद पडलं, स्वयंसेवक येऊन शिकवत. पोलीस आत आले नाहीत, पण ९६ दिवस रस्त्यावर फिरता न येणं हीसुद्धा मुलांसाठी लहान शिक्षा नव्हे. आश्रय हा शब्द आपण फार सहज वापरतो.

येणाऱ्यांत अश्रद्ध लोकही होते. कुणी कुटुंबाला पाठिंबा म्हणून आलं, कुणी कुतूहलाने. त्यांनी बाकावर बसून राहणं हेसुद्धा उपासना चालू राहण्याला हातभार लावणंच होतं. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. एरवी चर्च निधर्मी माणसाला बोलावतं तेव्हा आपला धर्म थोडा बाजूला ठेवून बोलावतं : या, कॉफी घ्या, गाणी ऐका, देवाबद्दल आम्ही काही बोलणार नाही. बेथेलमध्ये असं करण्याची सोय नव्हती, कारण कायद्याला हवी होती ती उपासनाच. देव मानणारे आणि न मानणारे त्या मुलांसाठी एकत्र आले ते प्रार्थनेभोवती, प्रार्थना वगळून नव्हे.

प्रार्थना हत्यार झाली का?

हा आक्षेप चर्चमधूनच आला आणि तो गंभीर आहे. देवाची उपासना देवासाठी करायची असते. पोलिसांना अडवण्यासाठी केलेली उपासना ही उपासनेचं सोंग नाही का? दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूचा होता : शेवटच्या न्यायालयाने निकाल दिल्यावर एखाद्या संस्थेने तो अडवून धरला, तर उद्या प्रत्येक गट हेच करेल. आश्रय खात्याचे राज्यमंत्री मार्क हार्बर्स यांनी तर सुरुवातीलाच सांगितलं की चर्चमध्ये राहिल्याने निर्णयात काही फरक पडणार नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण इथे तो पुरता लागू होत नाही. चर्चने कुटुंबाला लपवलं नाही. ते कुठे आहे हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. संसदेने केलेला कायदा पाळूनच त्यांनी वेळ मिळवला. या कुटुंबाला अपवाद करा एवढ्यावरही ते थांबले नाहीत, चारशे मुलांचा नियमच पुन्हा तपासा, असं ते म्हणत राहिले. लोकशाहीत अल्पसंख्याकाने आपलं म्हणणं मांडायची यापेक्षा सभ्य रीत मला सुचत नाही.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर सोपं नाही. समजा पोलीस अडवायचे म्हणूनच उपासना सुरू झाली. पण तेवीसशे तास कुणी सोंग आणू शकत नाही. शेकडो पाळक रात्री-अपरात्री गाडी चालवत आले, आणि एक-दोन माणसांसमोर, शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात, परक्याला आणि पोरक्याला सांभाळण्याबद्दलची शास्त्रवचनं वाचत राहिले. बायबलच्या जुन्या करारातलं हे वचन रविवारच्या भरल्या चर्चमध्ये वाचणं वेगळं, आणि तो परका भिंतीपलीकडे असताना वाचणं वेगळं. ज्या उपासनेवर कुणाचंच काही अवलंबून नसतं तिलाच शुद्ध म्हणायचं, तर तशी शुद्ध उपासना रिकाम्या होत चाललेल्या युरोपात पुष्कळ शिल्लक आहे.

निवडीचा प्रश्न मात्र उरतो. चारशेतून हेच कुटुंब का? कुटुंब स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होतं, मुलं डच उत्तम बोलत, कॅमेऱ्यासमोर आपली बाजू मांडू शकत. ज्यांना हे जमत नाही, जे दुसऱ्या धर्माचे आहेत, त्यांच्यासाठी हेच दार इतक्याच सहज उघडलं असतं का? बेथेलच्या लोकांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण आश्रयाचं दार चर्चच्या किल्लीवर उघडतं, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सौदा

हेगमध्येच देशाची संसद आहे. तेव्हाच्या आघाडी सरकारकडे १५०पैकी ७६ जागा होत्या, म्हणजे काठावरचं बहुमत. आघाडीत चार पक्ष : पंतप्रधान मार्क रुत्ते यांचा उदारमतवादी व्हीव्हीडी, ख्रिस्ती लोकशाहीवादी सीडीए, पुरोगामी उदारमतवादी डी६६ आणि क्रिस्टेनयुनी हा दुसरा ख्रिस्ती पक्ष. शेवटच्या दोघांना मुलांसाठीचा नियम सैल करून हवा होता. व्हीव्हीडी आणि सीडीए विरोधात होते. जानेवारीच्या उत्तरार्धात सीडीएने भूमिका बदलली आणि व्हीव्हीडी एकटा पडला.

२९ जानेवारीला आघाडीत समझोता झाला. सुमारे सातशे मुलांची प्रकरणं पुन्हा पाहायची, सहकार्याची ती अट शिथिल करायची, आणि बहुतेकांना राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी बेथेलमधली उपासना थांबली. पुढे या कुटुंबालाही राहण्याचा परवाना मिळाला.

व्हीव्हीडीने याच्या बदल्यात पुष्कळ वसूल केलं. मुलांसाठीचा नियम यापुढे कायमचा बंद. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित छावण्यांतून दरवर्षी ७५० माणसं घेण्याचं ठरलं होतं, तो आकडा ५०० झाला. आणि राज्यमंत्र्याला अगदी अडचणीच्या प्रकरणात आपल्या अधिकारात परवाना देता येत असे, तो अधिकार गेला. सप्टेंबर २०१८मध्येच हार्बर्स यांनी लोकांच्या दबावाखाली हा अधिकार वापरून दोन आर्मेनियन भावंडांना विमान सुटायच्या आधी थांबवून घेतलं होतं. मे २०१९पासून मंत्र्याच्या हातात असं काही राहिलं नाही. अशी परिस्थिती आता स्थलांतर खात्याचा प्रमुख पाहणार, तीही पहिल्याच अर्जाच्या वेळी.

म्हणजे डोळ्यांसमोरची सातशे मुलं वाचली, आणि पुढे येणाऱ्यांसाठी दार अरुंद झालं. छावणीतल्या ज्या अडीचशे माणसांची जागा दरवर्षी गेली, त्यांच्यासाठी कुणी उपासना चालवली नव्हती. हा दोष चर्चचा नाही, सौदा पक्षांनी केला. तरी बेथेलची गोष्ट सांगताना हे वगळलं तर ती खोटी होते, आणि ती बहुतेक वेळा वगळूनच सांगितली जाते.

आणखी एक गोष्ट. समाज निधर्मी झाला तरी त्याच्या यंत्रणेत ख्रिस्ती इतिहासाचे धागे शिल्लक होते. ते नसते तर बेथेल फार तर एक हृद्य निषेध ठरला असता. बारावं कलम होतं, आघाडीत दोन ख्रिस्ती पक्ष होते, आणि त्यांच्या मतदारांपैकी पुष्कळांचे पाळक एकदा तरी बेथेलला जाऊन आले होते. सीडीएचा आमदार-खासदार वर्तमानपत्राला दाद देणार नाही कदाचित, पण रविवारी भेटणाऱ्या पाळकाला टाळणं त्याला कठीण जातं. चर्चची सत्ता गेली असली तरी तिची मुळं किती खोल होती, हे अशा वेळी कळतं.

त्याच जानेवारीत

बेथेलची उपासना चालू असतानाच डच ख्रिस्ती लोक दुसऱ्या कारणासाठी पहिल्या पानावर आले. अमेरिकेत २०१७मध्ये निघालेल्या नॅशव्हिल जाहीरनाम्याची डच आवृत्ती जानेवारी २०१९च्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. विवाह स्त्री-पुरुषांतच असतो आणि समलैंगिक संबंध पाप आहेत, असं सांगणाऱ्या त्या मजकुरावर दोनशेहून अधिक कर्मठ पाळकांच्या आणि एसजीपी या कर्मठ प्रोटेस्टंट पक्षाचे नेते केस फान डर स्टाय यांच्या सह्या होत्या. समलिंगी विवाहाला जगात सर्वप्रथम, २००१मध्ये, मान्यता देणाऱ्या देशात यावर संतापाची लाट उसळली. नगरपालिकांच्या इमारतींवर इंद्रधनुषी झेंडे लागले, काही चर्चेसनीही लावले. सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि नंतर खटला न भरण्याचं ठरवलं.

एकाच महिन्यात एकाच समाजाने चर्चचं एक म्हणणं ऐकून घेतलं आणि दुसरं धुडकावलं. याचा अर्थ काही जण असा लावतात की समाजाला पटेल तेवढंच चर्चने बोलावं. मला तो अर्थ पटत नाही. बेथेलचं म्हणणंही सगळ्यांना पटणारं नव्हतंच, स्थलांतराला कडक विरोध करणारे मतदार नेदरलँड्समध्ये थोडेथोडके नाहीत. फरक असा की नॅशव्हिलवाले इतरांनी कसं जगावं हे सांगत होते आणि त्याची झळ इतरांनाच बसणार होती. बेथेलवाल्यांनी झळ आपल्या अंगावर घेतली होती : झोप, वेळ, पैसा, आपली इमारत, आणि सरकारशी असलेले चांगले संबंध. पूर्वी चर्चने नुसतं सांगितलं तरी चालत असे, कारण ऐकणारा तिचाच सदस्य असे. आता ऐकणारा बाहेरचा आहे. आधी तुम्ही स्वतः काय करता ते तो बघतो, आणि त्याचं बरोबर आहे.

कांपेन

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी आइसेल नदीकाठच्या कांपेन या लहान शहरात ओपन होफ चर्चने अशीच अखंड उपासना सुरू केली. या वेळी कुटुंब उझबेकिस्तानचं होतं. मुलं तशीच डच शाळांत शिकलेली. पुन्हा देशभरातून पाळक पाळ्या लावून आले, आणि २०२५च्या फेब्रुवारीअखेर बेथेलचे ९६ दिवस मागे पडले.

या वेळी बाहेरची हवा मात्र बदललेली होती. २०२३च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांचा स्थलांतराला कडवा विरोध करणारा पक्ष ३७ जागा घेऊन पहिला आला होता. सीडीए पाच जागांवर आणि क्रिस्टेनयुनी तीन जागांवर उतरले, आणि दोघेही सत्तेबाहेर. आश्रय खातं विल्डर्स यांच्या पक्षाच्या मरियोलाइन फाबर यांच्याकडे होतं. त्या सोडून दुसरं कुणी मवाळ माणूस त्या खुर्चीत असतं तरी फार काही करता आलं नसतं. मुलांसाठीचा नियम २०१९मध्येच संपला होता आणि मंत्र्याचा विशेष अधिकारही त्याच समझोत्यात गेला होता. बारावं कलम तेवढं जागेवर होतं. पोलीस दाराबाहेर थांबत होते, पण हेगमध्ये जसं वेळ काढत राहिलं तर संसदेत कुणी ना कुणी वळेल अशी आशा धरता आली, तशी जागा कांपेनच्या मंडळीला कायद्यात किंवा संसदेत कुठेही शिल्लक नव्हती.